डॉक्टर, एक प्रश्न विचारायचा राहून जातोय: मुंबईतल्या मनोविकारतज्ज्ञांना खुलं पत्र

मुंबईतल्या सगळ्या सायकियाट्रिस्ट डॉक्टरांना, ओपीडीत सकाळपासून बसणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना, आणि सायकॉलॉजिस्ट मंडळींनाही,

नमस्कार.

मी लालबागला राहते, चाळीत. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, 2013 पासून, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याचं नाव लिहीत नाहीये, त्याने स्वतःच विचारलं होतं की ताई नाव टाकणार का, मी म्हटलं नाही टाकणार, तर म्हणाला मग लिही. बाकी सगळं त्याला वाचून दाखवून लिहिलंय.

गेल्या दहा-बारा वर्षांत तुमच्यापैकी निदान आठ-दहा जणांनी त्याला तपासलं असेल, कारण रेसिडेंट बदलत राहतात आणि दर वेळी नवीन डॉक्टर फाईल पहिल्या पानापासून उघडतात. प्रत्येकाने विचारलं, आवाज येतात का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेतो का. क्लोझापिन ही गोळी सुरू झाल्यावर अजून प्रश्न वाढले, लाळ गळते का, पोट साफ होतं का, वजन किती, शुगर केली का. चांगले प्रश्न आहेत, विचारायलाच हवेत. पण नको असलेला एखादा विचार परत परत येतो का आणि तो गप्प बसावा म्हणून काही परत परत करावं लागतं का, हे त्याला तो त्रास सुरू झाल्यावरही अडीच वर्षं कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आमच्या घरात एक स्टीलचा पेला आहे, त्याच्यावरून सांगते. 2014 ला तो पेला भाऊ तोंडाला लावायचा नाही कारण त्याची खात्री होती की बाजूच्या खोलीतल्यांनी पाण्यात काहीतरी घातलंय, आईने स्वतः घोटभर पिऊन दाखवलं तरी नाही. मग 2020 ला तोच पेला तो धुवायचा, सात वेळा, मध्येच मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून, आणि धुता धुता मला म्हणायचा, ताई मला माहितीये हा स्वच्छ आहे गं, पण मला थांबता येत नाहीये. लांबून बघणाऱ्याला दोन्ही वेळा सारखंच दिसणार, आला परत त्याचा पेल्याचा तमाशा. आतलं मात्र एकदम उलटं आहे ना? पहिल्या वेळी त्याचा विश्वास पक्का होता आणि आम्ही खोटे होतो, दुसऱ्या वेळी त्याला स्वतःलाच पटत नव्हतं आणि तरी करावं लागत होतं. आमची आजी असती तर तिने लगेच ओळखलं असतं, मंत्रचळ लागलाय पोराला म्हणाली असती. तुम्ही त्याला ओसीडी म्हणता. पण आम्ही काय समजलो, की जुनंच दुखणं डोकं वर काढतंय.

आता मधलं सांगते. आवाजांवर रिस्पेरिडोन हे औषध झालं, ओलान्झापिन झालं, दोन्ही पुरेसा डोस, पुरेसे महिने, आवाज काही पूर्ण जाईनात. मग 2019 च्या जूनमध्ये क्लोझापिन सुरू केलं आणि खरं सांगते, मी या औषधाच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. तीनशे मिलिग्रॅमवर आल्यावर सहा वर्षांचे आवाज शांत झाले, त्या दिवाळीत त्याने स्वतः कंदील बनवला, बांबूच्या काड्या सोलण्यापासून. आई तो कंदील तुळशीच्या लग्नानंतरही काढू देत नव्हती.

दर आठवड्याला रक्त तपासायला जायचो. का ते आम्हाला नीट सांगितलं होतं, पांढऱ्या पेशी एकदम कमी होऊ शकतात म्हणून, 1975 ला फिनलंडमध्ये त्यामुळे पेशंट गेले होते म्हणून. त्या रक्ताचं आजवर एकही डॉक्टर विसरला नाही, रिपोर्ट नसेल तर गोळ्याच लिहून देत नाहीत. मला हेच म्हणायचंय की तुम्ही ठरवलं की होतं. पेशी पडल्या तर माणूस दगावू शकतो म्हणून त्याची पद्धत बसली, मंत्रचळाने लगेच कुणी मरत नाही म्हणून त्याला केस पेपरवर जागा नाही.

साधारण जानेवारी-फेब्रुवारी 2020 ला पेला सुरू झाला. आणि मार्चमध्ये लॉकडाऊन! आता तुम्हीच सांगा कोण ओळखणार, अख्खी मुंबई वीस-वीस सेकंद हात धुत होती, भाजी साबणाच्या पाण्यात बुडवत होती, चाळीतल्या बायका आमच्या आईला सांगायच्या, तुमचा मुलगा बघा किती काळजी घेतो, आमची पोरं ऐकतच नाहीत. पाणी आमच्याकडे सकाळी ठरावीक वेळच येतं, त्यात पिंप भरून ठेवायचं आणि दिवस काढायचा, ते पिंप दुपारी बारालाच रिकामं व्हायला लागलं. संडास कॉमन, तो आत गेला की पाऊण तास, बाहेर लाईन, मग दारावर थापा, मग त्याला परत पहिल्यापासून पाय धुवायला लागायचे कारण थापेने मोजणी चुकली. देव्हाऱ्यासमोर एकवीस नमस्कार घालायचा, आता एकवीस म्हणजे गणपतीचा आकडा, आणि आम्ही राहतो लालबागला, आई खूष, पोरगं देवाला लागलं म्हणून. एकदा मी सहज विचारलं एकवीसच का, तर म्हणाला वीसवर थांबलो तर आईला कोरोना होईल. मी हसले. अजून आठवतं मला ते हसणं.

अजून एक, हे आम्हाला खूप नंतर कळलं. लॉकडाऊनमध्ये टपऱ्या बंद, सिगरेट मिळेना, त्याची दिवसाला दहा-बारा सिगरेटची सवय आपोआप सुटली, आम्ही म्हटलं बरं झालं. तर म्हणे सिगरेटच्या धुराने लिव्हर हे औषध लवकर संपवत असतं आणि सिगरेट सुटली की तेवढ्याच गोळ्यांत औषध रक्तात जास्त साठतं. म्हणजे आमच्याकडे डोस न वाढवता वाढला असणार. त्याचं हे सगळं त्याच महिन्यांत फोफावलं, यामुळेच का हे मला ठामपणे सांगता येणार नाही, पण सिगरेट सुटली तर आम्हाला येऊन सांगा, एवढं वाक्य कुणी बोललं असतं तर आम्ही फोन तरी केला असता.

आता सगळ्यात वाईट भाग. 2021 ला लोकल सुरू झाल्यावर तो बाहेर जायला तयार होईना. हळूहळू काढून घेतलं तेव्हा कळलं की करी रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभा असताना त्याला विचार येतो की समोरच्या बाईला मी रुळावर ढकलेन. म्हणून तो हात खिशात घालून पार मागे भिंतीला चिकटून उभा राहायचा, गाडी आली तरी पुढे यायचा नाही, तीन-तीन गाड्या सोडायचा, मग घरी परत. ज्या माणसाने मुंगी चिरडली तर दिवसभर हळहळायचं, त्याला हा विचार.

मी घाबरून ओपीडीत सांगितलं. कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. गर्दी होती, डॉक्टरांच्या समोर चाळीस जणांची रांग, मी म्हटलं, डॉक्टर याला लोकांना ढकलायचे विचार येतात आणि हा घराबाहेर पडत नाही. बस, एवढंच वाक्य. डॉक्टरांनी ऐकलं ते असं की आवाज परत आलेत आणि ढकल म्हणून हुकूम देतायत. बाहेर पडत नाही म्हणजे आजाराने आलेला निरुत्साह. डोस तीनशेचा चारशे. दोन महिन्यांनी साडेचारशे. मी त्यांना दोष तरी कसा देऊ, माझ्या वाक्यात दुसरं काय होतं? पण समोर तो बसला होता की. त्याला एकदा विचारायचं ना.

साडेचारशेवर त्याचे दिवसातले पाच-सहा तास धुण्यात, मोजण्यात आणि गॅसचा रेग्युलेटर बघण्यात जायला लागले. वजन वाढलं ते वेगळंच. मधे एका नातेवाईकाच्या सांगण्यावरून आम्ही दुसरीकडे व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिथे पाच मिनिटांत हा तर ओसीडी आहे म्हणाले, मला इतकं हायसं वाटलं, आणि फ्लुवोक्सामिन ही ओसीडीवरची गोळी लिहून दिली. आधीच्या गोळ्या कुठल्या हे मी सांगितलं होतं, पण ऐकलं गेलं नाही की काय देव जाणे. चौथ्या दिवशी भाऊ उठेचना, उठला तर भिंतीला धरून चालतोय, बोबडं बोलतोय, उशी लाळेने चिंब. ही गोळी क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटीने वाढवते, हे तुम्हाला पाठ असेल, आम्हाला कॅज्युअल्टीत कळलं.

मग 2022 ला एक नवीन रेसिडेंट मॅडम आल्या. वयाने लहान, पावसात भिजून आलेल्या, छत्रीचं पाणी टेबलाखाली साचलेलं. मी नेहमीचं सांगायला लागले तर त्यांनी मला हाताने थांबवलं आणि भावाला विचारलं, तो ढकलायचा विचार येतो ना, तो कुणी तुझ्या डोक्यात घालतं का, की बाहेरून कुणाचा आवाज येतो, की तुझा स्वतःचाच विचार आहे?

तो म्हणाला, माझाच आहे मॅडम, म्हणून तर लाज वाटते.

आठ-नऊ वर्षांच्या फाईलमधला तो पहिला नेमका प्रश्न होता. जेमतेम एक मिनिट लागलं असेल. त्यांनी मग ओसीडी किती आहे ते मोजायचा दहा प्रश्नांचा एक तक्ता काढला, येल-ब्राऊन की काय म्हणतात तो, चाळीसपैकी सत्तावीस आले, म्हणजे तीव्र. त्यांनी त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना, सरांना बोलावलं, सरांनी डोस हळूहळू खाली आणायचा ठरवलं, काही आठवड्यांनी ॲरिपिप्राझोल नावाचं दुसरं औषध थोडं जोडलं, नंतर ओसीडीसाठी सर्ट्रालिन, दर वेळी आवाजांचं विचारत विचारत. हे मी औषधांची जाहिरात म्हणून सांगत नाहीये आणि कुणी घरी बसून हे बघून काही बदलू नका, खास करून क्लोझापिन एकदम बंद तर अजिबात नाही, आजार जोरात उलटतो आणि दोन दिवसांच्या वर खंड पडला तर डॉक्टरांना परत अगदी छोट्या डोसपासून चढवत न्यावं लागतं.

नंतर मी वाचायला लागले, समजेल तेवढं. आम्ही काही जगावेगळे नव्हतो! वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं तर स्किझोफ्रेनियाच्या साधारण 12 टक्के पेशंटना पूर्ण ओसीडी असतो, आणि थोडीफार लक्षणं धरली तर आकडा 30 टक्क्यांच्या आसपास जातो. इतर लोकांत ओसीडी आयुष्यभराचा धरला तरी 2 ते 3 टक्के. क्लोझापिनला अमेरिकेत 1989 मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली की या गोळीवर काहींना धुणं-मोजणं नव्याने सुरू होतं. ओलान्झापिनवरही दिसतं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन जिथे जाऊन बसतं, त्यातल्या काही जागा (रिसेप्टर) ही औषधं जोरात अडवतात त्याच्याशी संबंध असावा म्हणतात. म्हणजे तीस वर्षांहून जुनी माहिती. मला वाटलं होतं काहीतरी नवीन संशोधन असेल, म्हणून तर आमच्यापर्यंत आलं नसेल.

हे मान्य आहे की प्रत्येक वेळी गोळीचाच दोष नसतो. काहींना आवाज सुरू व्हायच्या आधीपासूनच असतं. भावाचंही मला आता आठवतं, नववीत असताना तो दप्तर भरायचा, काढायचा, भरायचा, बाबा ओरडायचे. ते तेव्हापासून होतं का? सरांनी विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आणि कुठे लिहिलेलंही नव्हतं, कारण 2013 ला नाही आणि 2019 ला गोळी सुरू करतानाही नाही, कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून माझं पहिलं मागणं हे की क्लोझापिन सुरू करायच्या आधी तो दहा प्रश्नांचा तक्ता एकदा भरून फाईलला लावा. नाहीतर दोन वर्षांनी गोळीचं किती आणि आजाराचं किती, यावर आपण सगळे अंदाजच बांधत बसणार. आणि मग दर व्हिजिटला नको, दर दोन-तीन महिन्यांनी तोंडी एक प्रश्न. लाळेच्या प्रश्नाला चिकटूनच विचारा म्हणजे लक्षात राहील.

विचारताना पेशंटलाच विचारा, आमच्यावर विसंबू नका. आम्ही घरचे चुकीचं सांगतो, मुद्दाम नाही, पण आम्ही बाहेरून दिसतं ते सांगतो, हट्टी झालाय, आळशी झालाय, देवभक्त झालाय, पाणी वाया घालवतो. आणि पेशंट स्वतःहून बोलत नाही. भावाने मला सांगितलं की त्याला वाटायचं हे बोललो तर ठाण्याला भरती करतील. ठाण्याला म्हणजे तिथल्या मेंटल हॉस्पिटलला, मुंबईत कुणाला सांगायला नको. ढकलायचा विचार येतो म्हणणाऱ्या माणसाला आधी धोकादायक समजलं जातं, आणि ज्याला हा विचार असा छळतो तो भिंतीला चिकटून उभा राहणारा असतो. अर्थात हुकूम देणारा आवाजही असू शकतो, दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणूनच तर विचारायला हवं ना.

दुसरं, आधी सांगा. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमधलं कलम 22 काढून बघा, पेशंटला आजार काय, उपचार काय आणि त्याचे माहीत असलेले साईड इफेक्ट काय हे त्याला समजेल अशा भाषेत कळायचा हक्क आहे. आमच्या भाषेत हे एका ओळीचं काम आहे, की या गोळीवर काही महिन्यांनी मंत्रचळासारखं काही सुरू झालं तर लगेच येऊन सांगा, घाबरू नका, उपाय आहे. बस. वेळ नाही म्हणता तर एक कागद छापा मराठीत, हिंदीत, फार्मसीच्या खिडकीला चिकटवा.

तिसरं सायकॉलॉजिस्ट लोकांसाठी. थेरपीसाठी फोन केले तेव्हा दोन ठिकाणी सरळ सांगितलं की स्किझोफ्रेनिया असेल तर आम्ही ओसीडीची थेरपी घेत नाही. याचं कारण मला नंतर समजलं, ओसीडीच्या बहुतेक चाचण्यांमध्ये असे पेशंट आधीच वगळलेले असतात, म्हणून पुरावा कमी, म्हणून कुणी हात लावत नाही, म्हणून पुरावा कमीच राहतो. शेवटी एका मॅडमनी घेतलं, अगदी हळू, आवाज वाढतायत का ते दर वेळी बघत. धुवावंसं वाटलं तरी धुवायचं नाही, जीव कासावीस होतो, तो होऊ द्यायचा, आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतो ते बसून बघायचं, असं ते होतं. सातावरून पाच, पाचावर तीन महिने अडकलो. आईला शिकवावं लागलं की गॅस बंद आहे ना याला दिवसात एकदाच हो म्हणायचं, कारण आधी ती चाळीस वेळा हो म्हणायची, प्रेमाने, आणि त्या प्रत्येक होने ते अजून घट्ट होत होतं. हे आईला समजावणं भावाला समजावण्यापेक्षा अवघड गेलं.

आज कसंय? सत्तावीसचे चौदा झालेत. आवाज क्वचित, पावसाळ्यात जरा जास्त, का ते माहीत नाही. धुणं दिवसातून तासभर. लोकलने एकटा दादरपर्यंत जातो, दुपारची गाडी, मधला डबा, अजूनही भिंतीकडे उभा राहतो पण गाडी आली की चढतो. एका ओळखीच्या प्रिंटिंगवाल्याकडे अर्धा दिवस काम करतो, पानं मोजायचं काम, यावर तो स्वतःच हसतो, म्हणतो आता मोजायचे पैसे मिळतात.

तुमच्यावर किती भार आहे ते मी बाकावर बसून बघितलंय, एका सकाळी किती केस पेपर, जेवायला उठायला मिळत नाही, त्यात आमच्यासारखे नातेवाईक. चिडून लिहिलेलं नाही. बरं, थोडं चिडून लिहिलंय. त्या भिजलेल्या मॅडम कोर्स संपवून गेल्या, कुठे आहेत माहीत नाही, आता त्या टेबलावर नवीन डॉक्टर आहेत, मागच्या महिन्यात त्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, आवाज येतात का. भावाने उत्तर दिलं आणि मग स्वतःच पुढे म्हणाला, डॉक्टर अजून एक विचारायचं असतं.

हे पत्र त्याला काल रात्री वाचून दाखवलं. त्याने दोन ठिकाणी सुधारलं, एकदा स्वतः पूर्ण वाचलं, मग परत, मग परत. चौथ्यांदा हातात घेतलं आणि माझ्याकडे देऊन म्हणाला, पाठव आता लवकर, पाचव्यांदा धरलं तर सुटणार नाही.

तुमची,
ओपीडीच्या बाकावरची एक बहीण
लालबाग, मुंबई